नागपूरकराची खांड

मौजे तिवरखार, जि. कुलाबा
२ सप्टेंबर १९७६

बाबा,

नमस्कार करते, पण रागावून करते. लेकीच्या घरून असं जातात का? सकाळी चहाचं आधण ठेवायला उठले तर ओसरीवर तुमचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं आणि तुम्ही गायब. माझ्या सासूबाई तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधून तुमच्यामागे बांधापर्यंत धावल्या आणि भाकरी तशाच घेऊन परत आल्या. वडखळच्या नाक्यावर एस.टी.त चढताना तुम्हाला आमच्या आळीतल्या एका बाईने पाहिलं, म्हणून निदान जीव भांड्यात पडला. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझ्या घरी आलात, ते पाच दिवसांत असे पळालात.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही उघाडीची फळी काढलीत, खाडीचं पाणी आत आलं, सगळ्यांनी मिळून ते अडवलं, संपलं. भात ठीक आहे. हिराजी तुमच्यावर रागावलेले नाहीत. तुमचे जावई आहेत, रागावून जातील कुठे?

तुम्ही आमचं गाव पाहिलंत, पण पाहिलं न पाहिल्यासारखं. आल्या दिवशीच म्हणालात, "शामे, इथं तं सगळा चिखलच हाये वं. नागपूरची नोकरी सोडून तुह्या नवऱ्यानं यासाठी आणलं तुले?" तेव्हा सासूबाई समोर होत्या म्हणून गप्प बसले. आता ऐका.

शाळेत जिल्ह्याचा नकाशा टांगते तेव्हा तिवरखार मला खडूने काढून दाखवावं लागतं. माझा ठिपका नकाशातल्या निळ्या रंगात पडतो, म्हणजे गाव समुद्रात. पोरं हसतात. मी त्यांना म्हणते, हसा, पण खोटं नाही ते. ही जमीन समुद्राचीच होती. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी चिखलाची ढेकळं हातोहात देऊन बांध घातला, खाडीला पलीकडे ढकललं आणि अलीकडे भात लावलं. नरखेडला आपली जमीन देवाने दिलेली आहे, आपण फक्त नांगरतो. इथे जमीनसुद्धा माणसांनी केली. हे मी दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगते, आणि मी तर बाहेरून आलेली.

उघाडी म्हणजे त्या बांधातलं दार, हे तुम्हाला आता सांगायला नको. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरती चढायच्या आत फळ्या लावून चिखलाने लिंपायचं. एवढ्याशा दारावर अख्खं गाव जेवतं.

तुमची पानाची चंची इथेच राहिली आहे. पोस्टाने पाठवणार नाही, हवी तर न्यायला या. मायला नमस्कार.

तुमची,
शामला


तिवरखार
१९ जानेवारी १९७७

बाबा,

पत्राला उत्तर नाही. दिवाळीच्या पत्रालाही नाही. उत्तरं येतात ती तुमच्या लेकाची, रविंद्रची, आणि त्यातलं अर्धं पान त्याच्या धरमपेठेतल्या नव्या ब्लॉकच्या फरश्यांचं असतं. उरलेल्या अर्ध्यात तो लिहितो की तुम्ही संत्र्याची बाग बळीरामकाकांवर सोपवून त्याच्याकडे येऊन राहिला आहात, दिवसभर गॅलरीत बसता, बाजारात पिशवी घेऊन जायलाही नाही म्हणता. मला आधी खरं वाटलं नाही. तुम्ही आणि गॅलरीत?

पुढे लिहितो, बळीरामकाका दोनदा नरखेडहून तुम्हाला विचारायला आले. नव्या विहिरीचं पाणी वरच्या वाफ्यांकडे कसं न्यावं हे त्यांना सुचेना. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दुसऱ्याले विचार गा. मले पाण्यातलं काही समजत नाही."

बाबा, ते वाचून मी चुलीसमोर रडले. सासूबाईंना वाटलं नागपुरात कुणी गेलं. साऱ्या नरखेड तालुक्यात पाण्याचं भांडण असो की पाटाचा उतार, लोक चंद्रभान पाटलांकडे येतात. लहानपणी मी तुमच्यामागे पळत असे, आणि तुम्ही पायाने माती जरा इकडे, जरा तिकडे केलीत की पाणी मुकाट्याने वळायचं. मला वाटायचं पाणी तुमचं ऐकतं. आता तोच माणूस म्हणतो मला समजत नाही. हे मी चालवून घेणार नाही.

इकडची हकीकत. थंडी पडली आहे, म्हणजे तुमच्या नागपूरच्या हिशेबाने नाहीच, पण आम्ही घोंगड्या काढल्या आहेत. परवा शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ घालून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. तुम्ही हुरड्याचं कौतुक सांगता ना? एकदा पोपटी खा, मग बोलू. आमच्या शेततळ्यातल्या जिताडा माशाचंही तेच. सासरे येणार म्हणून हिराजींनी तेव्हा सगळ्यात मोठा जिताडा राखून ठेवला होता. पौर्णिमेला नारळ वाहून आलो की रात्री तुम्हाला वाढायचा होता. त्या दिवशी कुणी जेवलंच नाही.

भात यंदा थोडं कमी आलं. आपलं आहे ते आपल्याला पुरे.

उत्तर द्या. दोन ओळी चालतील.

शामला


तिवरखार
२० नोव्हेंबर १९७७

बाबा,

काल रविंद्रचं पत्र आलं. माझे धाकटे दीर परीक्षेसाठी नागपूरला आले, रविंद्रकडे उतरले, आणि जेवताना हसत हसत म्हणाले की आमच्या बांधाच्या त्या भागाला आता सगळं गाव "नागपूरकराची खांड" म्हणतं. तुम्ही हात धुवून पानावरून उठलात. मायने रविंद्रकडून माझ्यासाठी मुद्दाम लिहवून घेतलं, "गावभर बापाच्या नावानं हसून राहिले का वं? अन् तू पोरगी असून गप्प काहून हायेस?"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. दीर म्हणाले ते खरं आहे. नाव पडलं आहे. पण हसण्याचं काय ते मी पुढच्या पत्रात लिहीन, कारण त्याआधी मला खरं बोललं पाहिजे. मी तुम्हाला लिहिलं, भात ठीक आहे. ते ठीक नव्हतं. तुम्हाला अंदाज आला असणारच, तुम्ही शेतकरी आहात, म्हणूनच तुम्ही माझ्या एकाही पत्रावर विश्वास ठेवला नाहीत. तर आता सरळच लिहिते.

त्या ऑगस्टात पावसाने ओढ दिली होती. तुम्ही रोज बांधावर जाऊन उभे राहायचात. एका बाजूला करपत चाललेलं भात, दुसऱ्या बाजूला काठोकाठ भरलेली खाडी. तुम्ही मला म्हणालात, "पाणी हातभर दूर अन् धान तहानेनं मरून राहिलं. हे कसले लोक हायेत वं?" मी घाईत होते, शाळेची घंटा व्हायची होती. सासूबाईंनी तुम्हाला बजावलं होतं, "उधान हाय, फलीला हात लावू नका." तुम्हाला वाटलं, या लोकांना पुराची भीती वाटते. त्या म्हणाल्या नाहीत की पाणी खारट आहे. इथे ते कुणी कुणाला सांगत नाही. आईच्या दुधाबरोबर कळतं ते.

पौर्णिमेला सगळं गाव नारळ घेऊन खाडीच्या मुखाशी गेलं. तुम्ही म्हणालात, माझा देव आणि दर्यादेव वेगळे, मी घर राखतो. आणि भर दुपारी, भरती अगदी चढलेली असताना, एकटे जाऊन फळी उपसलीत. तुम्ही ते पाणी चाखून पाहिलं नाहीत. नरखेडच्या माणसाने पाणी चाखून का पाहावं? आपल्याकडे पाणी असतं किंवा नसतं, तिसरा प्रकार नाही. तहानलेल्या पिकाला पाणी दिलंत. मी तुमची मुलगी आहे, नुकतीच लग्न होऊन आले असते तर मीही तेच केलं असतं.

उधाणाच्या जोराने फळीबरोबर बाजूचा बांधही गेला. गुराखी ओरडत आला तेव्हा आम्ही सगळे सणाच्या नव्या कपड्यांत, तसेच धावलो. बायकांनी ओळ धरली, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जाऊ लागली. पुरुष पाण्यात उतरले. आणि मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही आधीच खांडीत उभे होतात, छातीपर्यंत, फळी पोटाशी धरून, पाठ बांधाला टेकवून. बाबा, तुम्हाला पोहता येत नाही! हिराजी ओरडले, "मामा, वर या!" तुम्ही म्हणालात, "मीच काढलं गा ते. मीच धरतो." ओहोटी लागेपर्यंत हलला नाहीत. तुमच्या दंडांवर कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याच्या चिरा होत्या, त्यावर हळद लावू म्हटलं तर तुम्ही हात सोडवून घेतलात.

आमच्या खालच्या आळीचं सगळं भात गेलं. आठ-दहा दिवसांत पाती लाल झाली. मग मीठ मातीत बसलं, म्हणून यंदाही अर्धंच पीक आलं. वरच्या आळीने आम्हाला खायला भात दिलं, पेरायला रात्याचं बियाणं दिलं. राता हे इथलं लाल भात, मिठाला पुरून उरतं. दारावर येऊन तुमचं नाव कुणी काढलं नाही. एक म्हातारी मात्र माझ्याकडे आली. मी म्हटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "तुजा बापूस पोचला का गो बरा?"

हे सगळं तुम्हाला कळू नये म्हणून मी पत्रांत गोड लिहीत राहिले. कळलं तर तुम्ही आणखी मोडाल अशी भीती वाटली. पण खोट्या धीराने तुम्ही उठला नाहीत, म्हणून आता खऱ्याने पाहते.

शामला


तिवरखार
२७ एप्रिल १९७८

बाबा,

मागच्या पत्रालाही उत्तर नाही. पण रविंद्रने कळवलं की तुम्ही ते स्वतः वाचलंत, मायला वाचून दाखवलंत आणि देवघरात ठेवलंत. मला एवढं पुरे आहे. आता खांडीच्या नावाचं.

काल संध्याकाळी मुद्दाम सासूबाईंबरोबर सगळा बांध चालले. नुसतं चालायचं म्हटलं तरी पाय दुखतात एवढा लांब आहे तो. त्याच्या तुकड्यांना नावं आहेत हे मला माहीत होतं, पण कुणाची आणि का, ते सात-आठ वर्षांत मी विचारलंच नव्हतं. नावं असतात म्हणून असतात असं वाटायचं. काल प्रत्येक नावापाशी त्यांना थांबवलं.

पहिली गोमाबायची खांड. गोमाबाय कोण? तर सासूबाईंच्या सासूची आजी. तिने कोलंबीच्या लोभाने फळी थोडी वर ठेवली, डोळा लागला, खाडी आत. पुढे जोशीबुवाची. गावच्या या भटजींनी मुहूर्त साधायचा म्हणून भरतीच्या वेळी उघाडीची पूजा मांडली आणि फळी उघडून दिवा सोडला. त्यांच्या पुढे दोघा सख्ख्या भावांची, ते बांधावरच मारामारी करत होते आणि बांध पायाखाली खचला. बाबा, सगळा बांध असाच आहे. ज्याच्या हातून समुद्र आत आला, त्याचं नाव.

मग आम्ही अशा जागी आलो जिथे खांड मोठी पडलेली दिसते, दगड घातलेत, पण नाव नाही. मी विचारलं, ही कुणाची? सासूबाईंनी तोंड फिरवलं. फार आग्रह केल्यावर सांगितलं. जुन्या काळी एका सावकाराने कुळांना धडा शिकवायला तिथे रात्रीतून बांध कापवला होता. त्याचं नाव गावाने ठेवलं नाही. पुढेही एक बिननावाची जागा आहे. तिथला बांध एका ठेकेदाराने वाळू घालून केला, पहिल्याच उधाणात तो बसला, आणि ठेकेदार पाठ फिरवून पळाला. त्याचंही नाव नाही. "त्यांचा नाव कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ते कुठं पान्यात हुबे ऱ्हायले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोमाबाय चिखलात लोळून स्वतः खांडीत आडवी झाली होती. जोशीबुवा सोवळं सोडून चिखल वाहत होते. ते भाऊ मारामारी विसरून एकमेकांच्या कमरेला धरून उभे राहिले. चूक तर इथे कुणाकडूनही होते, समुद्र शेजारी असताना न होऊन कसं चालेल? पण चुकल्यावर जो पाण्यात उभा राहिला, तो आपला, आणि त्याचं नाव बांधावर. आमच्या पोरांना कुठल्या राजांची नावं पाठ नसतील, पण ही ओळीने पाठ असतात. मी वर्गात विचारून खात्री केली. शेवटचं नाव त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले.

शेवटचं नाव तुमचं आहे.

कुणी हसत नाही, बाबा. दीर हसले ते लाडाने हसले, त्यांना वाटलं तुम्हाला आनंद होईल. बाहेरच्या माणसाचं नाव या बांधावर आजवर पडलेलं नाही. पोशा पाटील, गावचे सगळ्यात जुने, त्यांनीच ते ठेवलं. कुणी म्हणालं, ते तर नागपूरचे. पाटील म्हणाले, "हुबा ऱ्हायला ना? मंग आपला."

आणखी एक रीत आहे. दरवर्षी पावसाआधी, उधाण ओसरलेलं असतं तेव्हा, सगळं गाव बांध डागडुजीला निघतं. ज्याच्या नावाची खांड, त्याच्या घरच्याने तिथे पहिली टोपली टाकायची, त्याशिवाय दुसरा कुणी हात लावत नाही. गोमाबायची आमच्या घराकडे आहे. जोशीबुवांचे नातू त्यासाठी दरसाल पेणहून येतात, पँटी गुडघ्यापर्यंत वळून. तुमच्या खांडीवर मागच्या वर्षी गाव थांबून राहिलं. मी टाकायला पुढे झाले, पण पाटील म्हणाले, दिलेल्या लेकीने टाकायची नसते. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. सांधेदुखीने त्यांना खाली वाकता येत नाही, तरी टोपली डोक्यावर घेऊन चढल्या आणि म्हणाल्या, "माज्या व्याह्याची." यंदाही त्याच टाकणार आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघू.

खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. मी इथे राहते, यांच्या पोरांना शिकवते, यांचं भात खाते, आता बोलतेही यांच्यासारखं. पण माझं नाव बांधावर नाही. तुम्ही पाच दिवसांत मिळवून गेलात. कुणी विचारलं की तू कुणाची, तर मी हिराजींचं नाव सांगत नाही. मी म्हणते, नागपूरकराची खांड आहे ना, त्यांची लेक.

तुम्हाला पाण्यातलं समजत नाही हे पुन्हा कुणासमोर म्हणालात तर मी नागपूरला येऊन भांडेन.

शामला


धरमपेठ, नागपूर
२४ मे १९७८

शामे,

तुही पत्रं भेटली. सगळी वाचली. मले लिहिता येत नव्हतं असं नाही.

काल नरखेडले जाऊन आलो. बळीरामानं वरच्या वाफ्याले पाणी उलटं नेऊन ठेवलं होतं. सरळ करून दिलं. तुह्या मायनं ज्वारीचं पीठ बांधून ठेवलं हाये, तिथं भेटत नाही म्हणे.

विहीणबाईले सांग, टोपली खाली ठेवा म्हणा. माह्या नावच्या बांधावर माती दुसऱ्यानं काहून टाकावी? मी येऊन राहिलो.

चंद्रभान